शून्य खेपा

मला पसारा सोसत नाही. शारजातल्या आमच्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि साखरेच्या बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी आहे. नवरा पाहुण्यांना सांगतो, की ऑफिसला निघताना तो आरशात बघून घेतो, आपल्या कपाळावरही 'नवरा' अशी चिठ्ठी लागली आहे का. हसू देत. पण घाईच्या सकाळी चहात मीठ पडलेलं घर आमचं नाही, हेही त्याने पाहुण्यांना सांगावं.

हाच स्वभाव मी दुबईतल्या देऱ्याच्या ऑफिसात नेला. आमची कंपनी मोठमोठ्या इमारतींत एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवेचे पत्र्याचे मार्ग, बसवते. साइटवर काम करणारे दोनशे बारा कामगार, त्यातले बरेचसे आपल्या कोकणातले. ते राहतात कॅम्पमध्ये, आणि त्यांचे कागद राहतात आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. तिथे माझ्यासमोरच्या टेबलावर चाचा बसायचे. चाचा म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत. रत्नागिरीकडचे, माझ्याच माहेरच्या बाजूचे, आणि कंपनीत सगळ्यांत जुने. ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. त्यांच्याकडे एक्सेलची एक फाइल होती, सुट्टीची. महिनाअखेरीस ते कायमचे गावी जाणार होते, आणि ती फाइल माझ्याकडे येणार होती.

आमच्याकडे दर दोन वर्षांनी कामगाराला तिकीट आणि दोन महिने सुट्टी मिळते. सगळे एकदम गेले तर साइट ओस पडतील, म्हणून सहा महिन्यांत चाळीसजणच जाऊ शकतात. कोण जाणार याची यादी वर्षातून दोनदा लागते. चाचा ती कशी करायचे, ते मी तीन वर्षं समोर बसून पाहिलं होतं. फाइल उघडायची, पट्टी स्क्रीनवर आडवी धरायची, एकेक ओळ वाचायची, पेन्सिलीने कागदावर नाव लिहायचं, चहा मागवायचा, पुढची ओळ. दोन दिवस हाच कार्यक्रम. मला ते बघून हात शिवशिवायचे.

मी तेव्हा पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. शारजाहून देऱ्याला येणाऱ्या बसमध्ये ट्रॅफिकच्या कृपेने रोज तासभर मिळतो. त्यात मोबाइलवर व्हिडिओ बघून मी बऱ्यापैकी स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहायला लागले होते, आणि नव्याने पोहायला शिकलेल्याला जसं प्रत्येक विहिरीत उडी मारावीशी वाटते, तसं माझं झालं होतं. चाचांची दोन दिवसांची यादी मी दोन मिनिटांत करून दाखवणार होते.

फाइल उघडली आणि पहिल्यांदा डोळ्यांत खुपल्या त्या चुका. हिशेब साधा होता. एका रकान्यात नोकरीचे महिने, दुसऱ्यात आत्तापर्यंत घरी जाऊन आल्याच्या खेपा. महिन्यांना खेपांनी भागलं की माणूस सरासरी किती महिन्यांनी घरी जातो ते कळतं. ज्याचा आकडा मोठा, तो यादीत वर. पण ज्याच्या खेपा शून्य, त्याच्यापुढे एक्सेल काय करणार? शून्याने भागता येत नाही. तिथे '#DIV/0!' असं उमटलेलं. अठ्ठेचाळीस ओळींत ते विद्रूप चिन्ह होतं. एका सूत्राची दुरुस्ती, एवढ्या वर्षांत माणसाला करता आली नाही?

मी त्यांतल्या वरच्या दहाबारा ओळी तपासल्या. सगळे नुकतेच आलेले, कुणाला सहा महिने झालेले, कुणाला अकरा. बरोबरच होतं. नवीन माणूस अजून घरी गेलेला नसतो, आणि त्याची पाळीही आलेली नसते. म्हणजे चूक दिसली की नवीन माणूस, असा मी निष्कर्ष काढला आणि पुढच्या ओळी पाहिल्याच नाहीत. त्यात फाइल वाचणारं जे साधन मी वापरत होते, ते एक्सेलची कुठलीही चूक दिसली की तिच्या जागी मुकाट्याने रिकामी जागा ठेवतं. मला हे कळलं तेव्हा आनंदच झाला. खाली मी एक ओळ लिहिली: जिथे आकडा रिकामा, ती ओळ वगळ. झालं. यादी स्वच्छ झाली, मिठाच्या बरणीसारखी.

समोर चाचा होते. खुर्ची वळवून "हे असं का ठेवलंय?" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण जो माणूस पट्टी धरून एक्सेल वाचतो त्याला काय विचारायचं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी असंच वाटलं.

मॅनेजरनी यादी बघून "माशाल्ला, टू मिनिट्स ओन्ली?" म्हटलं. चाचांनीही पेन्सिल कानावर ठेवून कागद हातात घेतला, पण त्याच वेळी त्यांना व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर सही करायला बोलावलं, आणि तो कागद टेबलावरच राहिला. यादी कॅम्पच्या नोटीस बोर्डावर लागली.

आठवडाभराने एक कामगार ऑफिसात आला. ओळखपत्राच्या नूतनीकरणाचा फॉर्म द्यायचा होता. चिपळूणच्या अलीकडचा, पस्तिशीचा, डक्टची जोडणी करणारा. फॉर्म दिला आणि उभाच राहिला.

"बसा ना भाऊ," मी म्हटलं. "आणखी काही काम आहे?"

"काम नाय मॅडम. एक विचारू? पॉवर ऑफ अॅटर्नी असते ना, तसा लेटर पूजेसाठी पण मिळतो काय?"

मला काही कळेना. मग तो बसला आणि त्याने सांगितलं. गावाला त्याचं चिऱ्याचं नवीन घर बांधून झालं होतं. दारं-खिडक्या लागल्या, लाइट आला. फक्त वास्तुशांत राहिली होती, आणि पाऊस लागायच्या आत, मे महिन्यात ती उरकायची होती. शेजारीच जुनं घर, त्याचं छप्पर यंदाचा पाऊस काढेल असं दिसत नव्हतं. आई आणि बायको त्या जुन्या घरातच राहत होत्या. पूजेला नवरा-बायको जोडीने बसावे लागतात. तो आल्याशिवाय बायको नव्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती.

"भटजी बोलले, नवरा परदेशात असेल तर त्याच्या जागी सुपारी मांडून पूजा करता येते. शास्त्रात बसतं. आई पण हो बोलली." तो जरा हसला. "पण बायको बोलते, मी काय सुपारीबरोबर संसार केलाय? सुपारीबरोबर मी घरात जाणार नाय. म्हणून म्हटलं, कंपनीच्या शिक्क्याचा लेटर असला, तर तिला वाटेल की काहीतरी पक्कं आहे."

मी मुसलमानाच्या घरची. सुपारी माणसाच्या जागी बसते हे मला नवीन होतं. पण ती बाई काय म्हणत होती ते मला शास्त्राशिवायही कळलं, आणि तिचा राग मला फार आवडला.

"पण तुम्हीच का नाही जात?" मी विचारलं. "यादी लागलीय ना?"

"यादीत नाव नाय माझं."

"किती वर्षं झाली येऊन?"

"तीन वर्षं नऊ महिने."

"आणि घरी किती वेळा गेलात?"

"एकदा पण नाय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारायचं कसं, मॅडम?" तो म्हणाला. "पहिली पाळी मी स्वतःच दिली ना."

ही गोष्ट मी तीन वर्षं त्या ऑफिसात बसून ऐकली नव्हती. कॅम्पात पाळी देतात. एखाद्याच्या घरी आजारपण निघालं, लग्न ठरलं, की ज्याची पाळी आली आहे तो आपली पाळी त्याला देतो. घेणारा आभार मानत नाही. गावी गेला की तो आधी देणाऱ्याच्या घरी जातो, त्याच्या आईला भेटतो, पिशवी पोचवतो, मग स्वतःच्या घरी. आणि देणारा पुन्हा तोंडाने कधीच मागत नाही. याने पहिली पाळी खोलीतल्या एका जोडीदाराला दिली होती, त्याचे वडील दवाखान्यात होते म्हणून. पुढच्या यादीत चाचांनी याचं नाव सगळ्यांत वर घातलं, तर घराचा स्लॅब पडायचा होता. घर पुरं होऊ दे, मग एकदाच जातो, म्हणून तीही आणि तिच्यानंतरचीही त्याने सोडली. आता घर पुरं झालं होतं आणि यादीत नाव नव्हतं. त्याने गृहीत धरलं की नियम बदलला असेल.

तो गेल्यावर मी स्क्रिप्ट उघडली. आत गेलेल्या ओळी किती? दोनशे बारा. बाहेर आलेल्या? एकशे चौसष्ट. ही मोजणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. घरी पाहुणे जेवून गेले की आपण चमचेसुद्धा मोजतो. मूळ फाइलमधल्या त्या अठ्ठेचाळीस ओळी मी एकेक वाचल्या, आणि हो, बोटाने नाही, चाचांची पट्टी मागून घेऊन वाचल्या. एकोणचाळीस खरंच नवीन होते. नऊजण नव्हते. तीन वर्षं, साडेतीन, एकाला चार वर्षं दोन महिने. घरी सगळ्यांत जास्त दिवस न गेलेली नेमकी हीच माणसं मी यादीतून उडवली होती. मला स्वतःची लाज वाटली.

पट्टी मागितली तेव्हाच चाचांना कळलं असावं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"चाचा, हे सूत्र तुम्ही नीट का नाही केलंत?" मी विचारलं. खरं तर मला माफी मागायची होती, पण तोंडातून वकिलासारखा प्रश्न आला.

"नीट केलं असतं तर काय दिसलं असतं तिथे?"

"शून्य. किंवा रिकामं."

"बस. शून्य दिसलं असतं तर तो बंदा एकदम खाली गेला असता. रिकामं असतं तर नजर त्याच्यावरून घसरली असती." त्यांनी पेन्सिलीचं टोक स्क्रीनवर टेकवलं. "हे असं भद्दं दिसतं ना, म्हणून नजर थांबते. मग मी बाजूची जॉइनिंगची तारीख बघतो. नया लडका असला तर पुढे. पुराना असला तर तो पहिला. सीधी बात. जो आदमी एकदा पण घरी गेला नाही, बेटा, त्याचा हिशेब बरोबर दिसायलाच कशाला पाहिजे?"

"मला सांगायचं होतंत."

"तू विचारलं होतंस?"

उंटावरचा शहाणा ही म्हण मी या वाळवंटात खूपदा दुसऱ्यांवर खर्च केली होती. त्या दिवशी ती माझ्या मापाची निघाली.

घरी जेवताना मी हे सांगितलं. नवरा पहिल्यांदाच हसला नाही. सातवीतली मुलगी ताटावरून मान वर करून म्हणाली, "बट मम्मा, डिव्हाइड बाय झिरो इज नॉट झिरो. इट्स अनडिफाइन्ड. वी डिड दॅट लास्ट टर्म." मी तिला मराठीत म्हटलं, भाजी संपव. मग ती म्हणाली, "सो यू डिलीटेड पीपल?" मी पुन्हा म्हटलं, भाजी संपव.

तिकिटं अजून निघाली नव्हती, एवढंच नशीब. पण चाळीसच्या यादीत नऊ घालायचे म्हणजे नऊ काढायचे, आणि ती चाळीसही माणसंच होती. आठवडाभर त्यांनी घरी फोन करून सांगितलेलं होतं. मॅनेजर म्हणाले, ईमेल काढ, खलास. चाचा म्हणाले, ईमेलने काढलेलं नाव लागतं माणसाला, जाऊन सांगू. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं कॅम्पच्या मेसमध्ये गेलो. सत्तर-ऐंशी माणसं बाकांवर बसली होती. मी अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगितलं, की यादी चुकली आहे, मशीनची नाही, माझी चूक आहे, आणि नऊजण राहून गेले आहेत. ते कोण, ते वाचून दाखवलं.

मग मागून एकजण उठला. "माझा नाव काटा मॅडम. याची पाळी मीच घेतली होती, माझ्या बापाच्या टायमाला." आणि डक्टवाल्याकडे न बघता तो खाली बसला. त्याच्यानंतर आणखी दोघं उठले. उरलेल्या सहा जागांसाठी यादीच्या तळाच्या सहाजणांना बाहेर सरकावं लागलं. पुढच्या यादीत त्यांची नावं सगळ्यांत आधी, असं मी तिथेच लिहून, सही करून दिलं. सगळे खूश झाले असं मी म्हणणार नाही. एकाने बॅग घेऊन ठेवली होती. पुढे तो त्याच्या वेळेला घरी जाऊन आला, पण माझ्याशी आजही कामापुरतंच बोलतो. तेही बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता ती चूक वाचताना पुसत नाही. चूक म्हणूनच वाचते, कुठली चूक आहे ते लिहून ठेवते, आणि अशी सगळी नावं जॉइनिंगच्या तारखेसह वेगळ्या कागदावर काढते, जुनी वर, नवीन खाली. शेवटी बेरीज करते. यादीत आलेले अधिक बाजूला ठेवलेले, बरोबर आत गेलेले. बेरीज जुळली नाही तर यादी छापतच नाही. चाचांनी हे सगळं बघितलं, चहा संपवला आणि विचारलं, "आणि पट्टी कुठे धरायची?" जाताना ती पट्टी ते माझ्या टेबलावर ठेवून गेले. बाजूला काढलेला कागद मी अजूनही तिनेच वाचते, ओळीवर आडवी धरून. दोन मिनिटांचं काम आता सगळं धरून अर्ध्या दिवसाचं झालं आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. उलट ती अर्धी सकाळ माझी आवडती आहे. एकेका नावाशी थांबून चहा पिते.

डक्टवाला जुलैमध्ये परत आला. रजेवरून आल्याचा फॉर्म भरायला ऑफिसात आला तेव्हा रंगाने उजळला होता आणि पोट थोडं सुटलं होतं. आंब्याच्या साठांचं एक पुडकं त्याने माझ्यासाठी आणलं होतं आणि एक कंपनीच्या पत्त्यावर चाचांसाठी. चाचा आता तुमच्यापासून दोन तासांवर राहतात, मी म्हटलं, त्यांना इथे कशाला? तो म्हणाला, त्यांच्याकडे जाऊन आलो, हा इथल्या त्यांच्या खुर्चीचा मान.

मोबाइलवर फोटो दाखवले. लाल चिऱ्याचं घर, आंब्याच्या पानांचं तोरण, पाटावर दोघं शेजारी, बायको कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती, जणू तो खरंच बसला आहे ना याची खात्री करत होती.

"आणि ती सुपारी?" मला राहवेना.

"ती भटजींनी आणलीच होती पिशवीतून, त्यांना वाटलं मी काय येत नाय." तो फॉर्मवर सही करता करता थांबला. "मी बसलो, तर ती तशीच राहिली. हिने ठेवून दिली. जेवणं झाल्यावर अडकित्ता घेऊन बसली ओटीवर, फोडली, नि सगळ्यांना वाटली. मला पण एक खांड दिला."

"काही म्हणाली?"

"बोलली, घ्या, तुमच्या जागी बसणार होती ही. खाऊन टाका."

त्याने सही केली. त्याची ओळ उघडून खेपांच्या रकान्यात मी शून्य पुसून एक लिहिलं. शेजारचं ते चिन्ह गेलं आणि तिथे त्याच्या नोकरीच्या महिन्यांचा आकडा आला, अठ्ठेचाळीस. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण मी हसत होते म्हणून तोही हसला.